ड्राइव्ह मोटर सर्किटचा कोड: मोटर, केबल, इन्व्हर्टर की रिझॉल्व्हर? घोडं नेमकं कुठे पेंड खातंय ते कसं शोधायचं?

अश्वगती

इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांवर हात चालवणाऱ्या मंडळींसाठी हा धागा काढतोय. स्कॅनरवर 'ड्राइव्ह मोटर' हे दोन शब्द दिसले की बरेच जण थेट इन्व्हर्टर (बॅटरीच्या डीसीचा मोटरसाठी एसी करणारा भाग) बदलायला निघतात. तो बदलूनही कोड परत आला की मग मोटरकडे वळतात. हे अंदाजपंचे दाहोदरसे काम थांबलं पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे. दोन्ही भाग अतिशय महाग आहेत आणि बऱ्याचदा दोघांचाही काही दोष नसतो.

चर्चेला धरबंद राहावा म्हणून समोर असलेली एक गाडी घेऊ. पूर्ण इलेक्ट्रिक, मोटर पुढच्या चाकांना, परमनंट मॅग्नेट, बॅटरी पॅक नाममात्र ३५० व्होल्टचा. थंड गाडी व्यवस्थित चालते. गरम झाली की हलक्या ॲक्सिलरेटरवर झटके देते, मग ताकद कमी करून रांगायला लागते. रात्रभर उभी ठेवली की पुन्हा ठणठणीत. कोड दोन आहेत: पी०ए३एफ, म्हणजे मोटरच्या पोझिशन सेन्सरचं (रिझॉल्व्हरचं, जो रोटरचा कोन सांगतो) सर्किट, आणि पी०एए६, म्हणजे हाय व्होल्टेजचं इन्सुलेशन घसरलंय.

प्रश्न असा: हे दोन वेगळे दोष समजायचे की एकाच दोषाची दोन तोंडं? आणि पहिला मीटर कुठे लावायचा?

ओहमकार

पहिला मीटर फेज टर्मिनलवर, म्हणजे मोटरच्या तीन वायरी जिथे जोडतात तिथे. यू-व्ही, व्ही-डब्ल्यू, डब्ल्यू-यू. तिन्ही सारखे आले तर मोटर बरी, नाही तर मोटर गेली. पाच मिनिटांचं काम आहे.

मापनवेडा

@ओहमकार, इथेच गल्लत होते. या मोटरींच्या वायंडिंगचा रोध काही मिलिओहम ते फार तर शंभर-दीडशे मिलिओहम असतो. साध्या मल्टिमीटरच्या नुसत्या दोन लीडचा रोध ०.२ ते ०.५ ओहम. जे मोजायचं त्याच्या कित्येक पट मोठी चूक मीटरच्या वायरीतच बसलेली. अशा मीटरवर तिन्ही आकडे '०.३' दिसणारच, आणि त्यावरून मोटर बरी म्हणणं म्हणजे सुतावरून स्वर्ग गाठणं.

इथे चार वायरींचा मिलिओहम मीटर हवा. दोन वायरी करंट सोडतात, दोन वेगळ्या वायरी टर्मिनलवरच व्होल्टेज वाचतात, त्यामुळे लीडचा रोध हिशेबात येत नाही. तिन्ही जोड्या एकाच तापमानाला मोजा. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, म्हणजे २० अंशांना २० मिलिओहम असलेलं वायंडिंग ६० अंशांना साधारण २३ दाखवेल. कंपनीच्या पुस्तकातला आकडा बहुधा २० किंवा २५ अंशांचा असतो. गरम मोटरवर मोजून 'जास्त आला' म्हणत मोटर उतरवणारे कमी नाहीत.

साध्या मीटरने एकच गोष्ट कळते, ती म्हणजे एखादी फेज पूर्ण तुटली आहे का. तेवढ्यापुरता तो उपयोगी आहे.

वायंडिंगकाका

मीटर, मेगर (मोठं व्होल्टेज देऊन इन्सुलेशन मोजणारा मीटर) सगळं ठीक. आधी गाडी मेली आहे याची खात्री करा. धाग्यात कोणी नवीन वाचत असेल म्हणून सविस्तर लिहितो.

गाडी बंद. चावी गाडीपासून लांब ठेवा, खिशात नको. १२ व्होल्टच्या बॅटरीचं निगेटिव्ह काढा. सर्व्हिस प्लग (हाय व्होल्टेज बॅटरीचं सर्किट तोडणारा प्लग) काढून स्वतःच्या ताब्यात ठेवा, डॅशबोर्डवर नको. मग पुस्तकात दिला असेल तेवढा वेळ थांबा. बहुतेक गाड्यांना ५ किंवा १० मिनिटं दिलेली असतात. इन्व्हर्टरमधला मोठा कपॅसिटर बॅटरी सुटल्यानंतरही भरलेला असतो, त्यासाठी हे थांबणं. पण घड्याळावर विश्वास ठेवू नका, मीटरवर ठेवा. इन्व्हर्टरच्या डीसी टर्मिनलवर पॉझिटिव्ह-निगेटिव्ह, पॉझिटिव्ह-बॉडी, निगेटिव्ह-बॉडी अशी तिन्ही मोजमापं घ्या. ६० व्होल्टच्या वर काहीही धोकादायकच. आपल्याला शून्याच्या आसपास दिसायला हवं.

मोजण्याच्या आधी मीटर एखाद्या चालू स्रोतावर तपासा, मोजून झाल्यावर पुन्हा त्याच स्रोतावर तपासा. मधेच मीटरचा फ्यूज उडाला किंवा लीड तुटली, तर तो शून्य दाखवतो आणि माणूस निर्धास्त होतो. मीटर कॅट ३, १००० व्होल्टचा. हातमोजे क्लास ०, वरून चामड्याचे. दर वेळी वापरण्याआधी मोज्याचा मनगटाकडचा भाग गुंडाळून हवा कोंडा आणि बोटांकडून हवा सुटते का ते गालाजवळ धरून बघा. टाचणीएवढं भोकही चालत नाही.

आणखी एक. परमनंट मॅग्नेट मोटर हा जनरेटरच आहे. सर्व्हिस प्लग हातात असला तरी चाक फिरलं की फेज टर्मिनलवर व्होल्टेज येतं. टर्मिनल उघडी असताना कुणी चाक फिरवायचं नाही, गाडी ढकलायची नाही.

नवखा

काका, गाडी टो करतानाही हाच धोका ना? पुढची चाकं जमिनीवर ठेवून?

वायंडिंगकाका

हो. चालकचाकं (मोटरने फिरणारी) उचलूनच न्यायची, नाही तर सरळ फ्लॅटबेडवर. फेज शॉर्ट असलेली मोटर चाकांनी ओढत नेली तर आत मोठा करंट फिरतो आणि उरलंसुरलं वायंडिंगही जळतं.

शर्वरी_ऑटो

मीटर लावण्याआधी एक पायरी राहिली. स्कॅनरवरचा फ्रीझ फ्रेम. कोड पडला त्या क्षणी मोटरचा वेग, मागितलेला टॉर्क, मिळालेला टॉर्क, डीसी बसचं (बॅटरी ते इन्व्हर्टर या डीसी लाइनचं) व्होल्टेज, इन्व्हर्टरचं आणि मोटरचं तापमान, १२ व्होल्टची स्थिती, हे सगळं तिथे पडलेलं असतं. अनेक जण आल्या आल्या कोड क्लिअर करतात आणि ही सगळी माहिती पुसून टाकतात. आधी फोटो काढा.

१२ व्होल्टकडे विशेष लक्ष द्या. मोटर कंट्रोलर, रिझॉल्व्हरचं सर्किट, गेट ड्रायव्हर (इन्व्हर्टरचे स्विच चालवणारं सर्किट) सगळे त्याच्यावर जगतात. रेडी स्थितीत डीसी-डीसी कन्व्हर्टर साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट देत असायला हवा. तो डगमगला, किंवा बॉडीचं अर्थिंग गंजलं, की एकदम पाच-सहा कोड पडतात, त्यातले निम्मे मोटरचे. एकमेकांशी संबंध नसलेले कोड गठ्ठ्याने आले की मी आधी १२ व्होल्टचे अर्थ पॉइंट बघायला सांगते.

तसंच, रात्रभर उभ्या असलेल्या गाडीवर सगळी तापमानं एकमेकांशी ताडून बघा. मोटर, इन्व्हर्टर, कूलंट, बाहेरची हवा, सगळे आकडे दोन-चार अंशांत असायला हवेत. मोटरचा थर्मिस्टर उणे ४० दाखवत असेल तर वायर तुटलेली, आणि थंड गाडीत दीडशे-दोनशे दाखवत असेल तर शॉर्ट. गरम झाल्यावर ताकद कमी होण्याचं कारण कधी कधी एवढंच असतं.

@अश्वगती, फ्रीझ फ्रेममध्ये काय आहे?

अश्वगती

शर्वरीताई, हे घ्या. पी०ए३एफ पडला तेव्हा वेग कमी, मोटर ७८ अंश, इन्व्हर्टर ५२ अंश, १२ व्होल्टची लाइन १४.१. पी०एए६ त्याच फेरीत, थोडा आधी. थंड गाडीत सगळी तापमानं जुळतात.

तारकेश्वर

म्हणजे १२ व्होल्ट आणि थर्मिस्टर बाजूला काढा. पी०एए६ आधी पडला हे महत्त्वाचं आहे.

इन्सुलेशनच्या कोडबाबत एक साधी गोष्ट बघा: तो कोणत्या क्षणी पडतो? काँटॅक्टर (पॅक जोडणारा मोठा रिले) बसताक्षणी पडला तर संशय डीसी बाजूवर, म्हणजे पॅक, डीसी केबल, हीटर, एसीचा कॉम्प्रेसर. गाडी ड्राइव्हमध्ये टाकल्यावर, इन्व्हर्टरचे स्विच चालू झाल्यावर पडला तर संशय मोटरच्या बाजूवर, कारण तोपर्यंत मोटरचं वायंडिंग आणि डीसी बस यांच्यात फक्त डायोड असतात. एसी किंवा हीटर लावल्यावरच पडला तर उत्तर तुमच्या समोरच आहे.

टोयोटाच्या हायब्रिडमध्ये पी०एए६ सोबत तीन अंकी माहिती कोड येतो, त्यातच भाग सांगितलेला असतो: ६११ एसीचा भाग, ६१२ बॅटरी, ६१३ ट्रान्सॲक्सल (मोटरी आणि गिअर असलेला भाग), ६१४ हाय व्होल्टेज डीसी. नुसता मुख्य कोड वाचणारा स्कॅनर असेल तर ही माहिती दिसतच नाही आणि माणूस साप म्हणून भुई धोपटत बसतो.

ओहमकार

@मापनवेडा, चार वायरींच्या मीटरचं मान्य. पण मुद्दा तोच राहतो, वायंडिंग आधी बघा. रोध जुळला की मोटर सुटली.

मापनवेडा

नाही सुटत. रोध जुळला म्हणजे तांबं सलग आहे एवढंच कळलं. तीन गोष्टी त्यात दिसत नाहीत.

एक, तांबं आणि बॉडी यांच्यातलं इन्सुलेशन. त्याला मेगर लागतो. मल्टिमीटर ओहमवर फार तर काही व्होल्ट सोडतो, तेवढ्याने इनॅमलमधली (तांब्याच्या तारेवरच्या लेपातली) कमकुवत जागा उघडी पडत नाही. ५०० व्होल्टवर (पॅक त्याहून मोठा असेल तर १०००वर) एक मिनिट धरून ठेवा. सुदृढ कोरडी मोटर शेकडो मेगाओहम दाखवते आणि आकडा मिनिटभरात चढत जातो. आकडा उतरत गेला तर ओल किंवा घाण. पण फेज केबल इन्व्हर्टरपासून सुटल्याशिवाय मेगर लावायचाच नाही. इन्व्हर्टरमधले आयजीबीटी (करंट स्विच करणारे भाग) आणि कंट्रोल बोर्ड त्या व्होल्टेजने मरतात. मोटर तपासायला गेलात आणि इन्व्हर्टर घालवून बसलात, म्हणजे आगीतून फुफाट्यात.

दोन, वेढ्या-वेढ्यांमधला शॉर्ट. दोन-तीन वेढे आपसात चिकटले तर एकूण रोधात फरक नगण्य पडतो, पण त्या बंद वेढ्यात प्रचंड करंट फिरतो. हे सर्ज टेस्टरवर दिसतं, नाही तर एलसीआर मीटरवर इंडक्टन्स मोजून. इंडक्टन्स मोजताना रोटरची जागा लक्षात घ्या. चुंबक रोटरच्या पोटात गाडलेले असतात तिथे रोटर जरा फिरला की इंडक्टन्स बदलतो, कधी कधी दुपटीच्या आसपास. म्हणून एका जोडीवर मीटर ठेवून रोटर हळूहळू फिरवा, सर्वांत मोठा आणि सर्वांत छोटा आकडा लिहा. मग दुसरी जोडी, मग तिसरी. मोठ्याची तुलना मोठ्याशी, छोट्याची छोट्याशी. रोटर एकाच जागी ठेवून तीन आकडे घेतले तर निरोगी मोटरही आजारी दिसेल.

तीन, चुंबकांची ताकद. ती बॅक ईएमएफवर, म्हणजे फिरणारी मोटर स्वतः तयार करते त्या व्होल्टेजवर, कळते. रोटर ठरावीक वेगाने फिरवून तिन्ही फेज स्कोपवर बघायच्या, डिफरन्शियल प्रोबने. तिन्ही लहरी सारख्या उंचीच्या, १२० अंशांच्या अंतराने. एकच बुटकी असेल तर वायंडिंग; तिन्ही सारख्याच बुटक्या असतील तर चुंबक अति तापून मंदावले.

दमयंती

+१. मेगरबद्दल एक भर. गाडी गरम असताना बिघडते तर मेगरही गरम असतानाच लावा. थंड मोटरवर २०० मेगाओहम बघून मोटर निर्दोष ठरवायची, आणि ८० अंशांना तीच मोटर अर्ध्या मेगाओहमवर आलेली असते.

नवखा

किती मेगाओहमला वाईट म्हणायचं? नियम काय?

तारकेश्वर

आंतरराष्ट्रीय नियम आर १०० मध्ये सुरक्षेची किमान मर्यादा दिली आहे: डीसी भागाला दर व्होल्टमागे १०० ओहम, एसी भागाला दर व्होल्टमागे ५०० ओहम. ३५० व्होल्टला ५००च्या हिशेबाने १७५ किलोओहम होतात. पण ही मर्यादा संपूर्ण जोडलेल्या गाडीची आहे. पॅक, केबल, कॉम्प्रेसर, हीटर, मोटर हे सगळे समांतर जोडलेले असल्यामुळे एकूण आकडा प्रत्येकाच्या आकड्यापेक्षा खालीच येतो. म्हणून एकटी सुटी मोटर एक-दोन मेगाओहम दाखवत असेल तर नियमात बसते म्हणून सोडून देऊ नका. ती खाली चाललेली मोटर आहे. पुस्तकात त्या भागाचा वेगळा आकडा असतो, तो बघा.

शर्वरी_ऑटो

अवांतर, पण इन्सुलेशनचा विषय निघालाच आहे तर. एसीचा कॉम्प्रेसर इलेक्ट्रिक असतो आणि त्याची मोटर रेफ्रिजरंट आणि तेलात बुडालेली असते. त्यात पीओई जातीचं इन्सुलेटिंग तेल लागतं. साध्या गाडीचं पीएजी तेल भरलं, किंवा साध्या गाड्यांसाठी वापरलेल्या गॅस मशिनच्या पाइपातून थोडंसं जरी गेलं, तरी इन्सुलेशन पडतं आणि पी०एए६ येतो. तोही एसी लावल्यावरच. एसीची सर्व्हिसिंग नुकतीच झाली असेल तर ग्राहकाला हा प्रश्न जरूर विचारा.

वायंडिंगकाका

ताई, अवांतर कसलं, अगदी मुद्द्याचं आहे हे.

ओहमकार

ठीक आहे, इन्व्हर्टरचं काय? सगळे मोटरवरच बोलताहेत. इन्व्हर्टर निर्दोष आहे हे उघडल्याशिवाय कसं ठरवणार?

तारकेश्वर

न उघडता बरंच कळतं. सगळ्यात स्वस्त चाचणी हाताने होते. गाडी बंद, सर्व्हिस प्लग बाहेर, चालकचाकं हवेत, फेज केबल जागेवर जोडलेल्या आणि झाकणं बंद. चाक हाताने फिरवा. (डिफरन्शियलमुळे दुसरं चाक उलटं फिरतं, मोटर जागची हलत नाही, म्हणून दुसरं चाक कुणाला तरी धरायला लावा.) चुंबकांमुळे बारीक टकटक जाणवणं स्वाभाविक आहे. पण चाक जड जात असेल आणि जोरात फिरवलं की अधिकच जड होत असेल, तर कुठे तरी फेज शॉर्ट आहे. चिखलात पाय ओढल्यासारखा तो अवरोध असतो, एकदा हाताला कळला की विसरत नाही. आता इन्व्हर्टरकडून फेज केबल सोडा, टर्मिनल झाका, पुन्हा फिरवा. हलकं झालं तर शॉर्ट इन्व्हर्टरमध्ये होता. तसंच जड राहिलं तर केबल किंवा मोटर.

दुसरी चाचणी डायोड मोडवर. कपॅसिटर रिकामा आहे हे तपासून, डीसी आणि फेज दोन्ही केबल सोडून, लाल प्रोब डीसी निगेटिव्हवर आणि काळा यू, व्ही, डब्ल्यूवर. तिन्हीकडे ०.३ ते ०.५ व्होल्टच्या आसपास आणि एकमेकांशी जुळणारं. मग काळा डीसी पॉझिटिव्हवर, लाल तिन्ही फेजवर, पुन्हा तेच. प्रोब उलटे केले की काही दिसायला नको. शून्याजवळ आलं तर तो स्विच शॉर्ट. सिलिकॉन कार्बाइडच्या इन्व्हर्टरमध्ये हा आकडा बराच मोठा येतो, काही मीटरवर दिसतही नाही, तेव्हा तिथे तिन्ही फेज सारख्या आहेत का एवढंच बघा.

या चाचणीतून शॉर्ट कळतो. स्विच चालूच होत नाही, गेट ड्रायव्हर मेलाय, हे कळत नाही. त्यासाठी तिन्ही फेजचे करंट स्कॅनरवर किंवा क्लॅम्प मीटरवर बघायचे. गाडी स्थिर असताना करंट सेन्सर शून्य अँपिअरच्या जवळ दाखवायला हवेत. एक सेन्सर उभ्या गाडीत १५-२० अँपिअर दाखवत असेल तर सेन्सर सरकलाय, त्यावरून मोटर किंवा स्विचला दोष देऊ नका. आणि तिन्ही करंटची कोणत्याही क्षणी बेरीज शून्य यायला हवी. नाही आली तर एक सेन्सर खोटं बोलतोय, नाही तर करंट बॉडीत गळतोय.

नवखा

हायब्रिडमध्येही डायोड चाचणी अशीच का?

तारकेश्वर

तत्त्व तेच, पण मधे बॅटरीचं व्होल्टेज वाढवणारा बूस्ट कन्व्हर्टर असतो हे विसरू नका. दुसऱ्या पिढीच्या प्रियसमध्ये २०१.६ व्होल्टची बॅटरी आणि इन्व्हर्टरला ५०० व्होल्टपर्यंत, तिसऱ्या पिढीत ६५० पर्यंत. म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज बघून 'एवढंच आहे' असं मानलं तर घात होईल. शिवाय दोन मोटरींचे दोन इन्व्हर्टर एकाच डीसी बसवर असतात, त्यामुळे एकातला शॉर्ट दुसऱ्यावर मोजतानाही दिसू शकतो. दोन्हींच्या फेज केबल सोडूनच मोजा.

दमयंती

सगळे हाय व्होल्टेजच्या मागे लागलेत. पी०ए३एफ राहिलाच की. रिझॉल्व्हर हा पूर्ण लो व्होल्टेजचा मामला आहे आणि झटक्यांचं कारण बहुधा तिथेच असतं.

रिझॉल्व्हरमध्ये तीन कॉइल: एक उत्तेजन देणारी, एक साइन, एक कोसाइन. कंट्रोलर पहिलीत साधारण १० किलोहर्ट्झचा सिग्नल सोडतो आणि बाकी दोघींवर काय परत येतं त्यावरून रोटरचा कोन काढतो. या कोनाप्रमाणे इन्व्हर्टर करंट सोडतो. कोन चुकला की करंट चुकीच्या जागी, म्हणजे झटका. ६० अंश चुकला तर टॉर्क जवळपास निम्मा, ९० अंशांना टॉर्क नाहीसा, त्यापुढे उलटा.

तपासणी अशी. कनेक्टर कंट्रोलरकडून काढा. तिन्ही कॉइलींचा रोध मोजा, बहुतेक गाड्यांत तो काही ओहम ते काही दशक ओहम असतो, साइन आणि कोसाइन एकमेकांच्या जवळ. मग कॉइल-कॉइलमध्ये आणि प्रत्येक कॉइल ते बॉडी, तिथे काहीही दिसायला नको. ही शेवटची पायरी लोक गाळतात आणि ओल नेमकी तिथेच सापडते. त्यानंतर कनेक्टर परत बसवून मागून बारीक पिन घालून स्कोप लावा. मल्टिमीटरवर हे बघू नका, साधे मीटर हजार हर्ट्झच्या आतच थकतात. उत्तेजनाचा सिग्नलच नसेल तर साइन-कोसाइन दोन्ही मेलेले दिसतील, मग कंट्रोलर किंवा ती एक जोडी तपासा. एकच मेली असेल तर दोष त्या जोडीत. रोटर हळू फिरवला की साइन फुगते तेव्हा कोसाइन मिटते, आणि उलट. दोन्हींची कमाल उंची सारखी यायला हवी.

वायरी पिळलेल्या जोड्यांत आणि शील्डमध्ये असतात. दुरुस्तीत कुणी पीळ उलगडून लांबलचक सरळ जोड दिला, किंवा शील्ड जोडलीच नाही, तर फेज केबलचा गोंगाट तिथे शिरतो आणि जास्त करंटला कोड पडतो.

मापनवेडा

दमयंतीताईंचा प्रतिसाद जपून ठेवावा असा. एक पुस्ती: मोटर किंवा इन्व्हर्टर बदलला की रिझॉल्व्हरचा ऑफसेट (त्याचा शून्य कोन आणि रोटरची खरी जागा यांतला फरक) नव्याने शिकवावा किंवा मोटरवरच्या लेबलावरून लिहावा लागतो. नवीन मोटर बसवल्यावर 'पूर्वीपेक्षा वाईट झटके' ही तक्रार आली तर आधी हे बघा. आणि फेज केबल अदलाबदल झाल्या नाहीत ना, तेही.

नवखा

इंटरलॉकचा (हाय व्होल्टेजचे कनेक्टर नीट बसलेत का हे बघणाऱ्या सर्किटचा) कोडही सोबत असेल तर?

शर्वरी_ऑटो

तो आधी. पी०ए०डीसारखा कोड असेल तर कुठला तरी ऑरेंज कनेक्टर किंवा झाकण नीट बसलेलं नाही. सगळ्या कनेक्टरमधून जाणारी ती एकच लो व्होल्टेज वायर आहे. अर्ध्यावर तोडून बघा, मग उरलेल्याच्या अर्ध्यावर. बहुतेक वेळा मागच्याच कामात उघडलेल्या झाकणाशी येऊन थांबता.

अश्वगती

सगळ्यांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे मोटर गरम असताना मोजमापं घेतली.

चाक हाताने हलकं फिरतं, केबल जोडलेल्या असतानाही. इन्व्हर्टरची डायोड चाचणी तिन्ही फेजला ०.३८ ते ०.३९. स्थिर गाडीत करंट सेन्सर शून्याजवळ. फेज रोध २३.१, २३.२, २३.१ मिलिओहम. केबल दोन्ही टोकांना सोडून मेगर लावला, केबल उत्तम.

मोटर ते बॉडी ५०० व्होल्टवर सुरुवातीला ०.९ मेगाओहम, मिनिटभरात ०.३ पर्यंत उतरला. रिझॉल्व्हरच्या कॉइल: उत्तेजन १४ ओहम, साइन ३१, कोसाइन ३०. पण साइन ते बॉडी ४० किलोओहम दाखवतोय. बाकी दोन्हींना बॉडीशी काही नाही. कूलंटची टाकी खुणेच्या जरा खाली आहे, बाहेर कुठे ओघळ नाही.

दमयंती

मिळालं. एकच दोष आहे.

साइन कॉइल बॉडीशी आणि वायंडिंगही बॉडीशी, दोन्ही गरम असताना, कूलंट कमी आणि बाहेर थेंब नाही. कूलंट मोटरच्या आत जातंय. रिझॉल्व्हर शाफ्टच्या टोकाला, मागच्या झाकणात असतो. रोटरच्या शाफ्टमधून कूलंट फिरवणारी मोटर असेल तर शाफ्टचं सील झिजलंय. जॅकेटमधून फिरवणारी असेल तर जॅकेटचं सील किंवा कास्टिंगची चीर. गरम झाल्यावर दाब वाढतो, कूलंट झिरपतं, ओल्या इन्सुलेशनचा रोध तापमानाबरोबर आणखी घसरतो. थंड झाल्यावर करंटची गळती एवढी कमी होते की कोड पडण्याइतकी राहत नाही.

ओहमकार

पटलं. फेज रोध अगदी जुळला आणि तरी मोटरच दोषी निघाली. पण मग मोटर वाळवून, सील बदलून चालेल ना? वायंडिंगचं तांबं तर शाबूत आहे.

वायंडिंगकाका

पाणी असतं तर चाललं असतं. कूलंटमधलं ग्लायकोल आणि त्यातली रसायनं वाळून इनॅमलवर थर धरतात आणि तो थर पुन्हा दमट हवा ओढतो. नुसतं भट्टीत वाळवलं तर मेगरवर आकडा चढतो आणि थोड्याच दिवसांत परत उतरतो. स्टेटर काढून वायंडिंगवाल्याकडून नीट धुऊन, वाळवून, व्हार्निश मारून घेतला तर वाचण्याची शक्यता आहे. त्यानंतर गरम मेगर आणि सर्ज चाचणी दोन्ही पास झाल्या तरच बसवायचा. इनॅमल काळवंडलेलं किंवा सुटलेलं दिसलं तर रिवाइंडिंग किंवा नवीन मोटर, तिसरा मार्ग नाही. रिझॉल्व्हर मात्र नवाच घाला. बेअरिंगही बदला, कूलंटने ग्रीस धुतलं गेलेलं असतं.

तारकेश्वर

झाकण उघडण्याआधी कूलिंग सर्किटला पुस्तकातला दाब देऊन धरून ठेवा. दाब पडला आणि बाहेर ओल नाही, म्हणजे आत जातंय याची खात्री. शाफ्टच्या सीलची गळती कधी कधी शाफ्ट फिरत असतानाच होते, तेव्हा उभ्या मोटरवर दाब टिकला तरी सील निर्दोष समजू नका.

अश्वगती

दाब दिला, हळूहळू पडतोय, बाहेर सगळं कोरडं. मोटर उतरवतोय. इन्व्हर्टरला हात लावायची गरज नाही असं धरू ना?

शर्वरी_ऑटो

बदलायची गरज नाही, पण एकदा बघायची आहे. रिझॉल्व्हरच्या वायरीच्या तारांमधून कूलंट केशाकर्षणाने वर चढतं आणि लोमच्या (वायरींच्या जुडग्याच्या) दुसऱ्या टोकाला, इन्व्हर्टरच्या कनेक्टरमध्ये पोचतं. बाहेरून इन्सुलेशन कोरडं ठाक, आत ओल. तो कनेक्टर काढून पिनांवर हिरवा किंवा पांढरा थर आहे का ते भिंगातून बघा. लोमचं साल थोडं सोलून तारा काळ्या पडल्यात का ते बघा. पडल्या असतील तर मोटरकडून इन्व्हर्टरपर्यंतचं ते पूर्ण लोम बदला, मधे जोड नको. पिना स्वच्छ आल्या तर इन्व्हर्टर तसाच ठेवून, मोटर बसल्यावर ऑफसेट शिकवून घ्या.